‘हस्ताक्षर कीजिए’ म्हणजे सही कर

पत्र: ताई, मी रावेरची. बारावी मराठी मीडियमने केली, आता इंदूरला सुदामा नगरात आत्याकडे राहून बीए फर्स्ट इयर करतेय, मेजर इकॉनॉमिक्स. वीस दिवसांनी पहिला पेपर आहे, 70 मार्कांचा, तीन तासांचा, सकाळी सातची पाळी, आणि सेंटर दुसऱ्याच कॉलेजात आलंय. बोर्डाची परीक्षा दिलीय पण युनिव्हर्सिटीची कशी असते काहीच माहीत नाही. मला उत्तरं हिंदीत लिहायचीयत आणि त्याचीच भीती वाटते. तिथे काही चुकलं तर उठून विचारायचं का, की रागावतात? वर्गातल्या मुली म्हणतात वीस प्रश्नांची गाईड वाचली की पास होतं, खरंय का? आणि पाठ केलेलं ऐनवेळी आठवलंच नाही तर?

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू मध्येच घाईघाईत विचारून टाकलायस, उठून विचारायचं का म्हणून. तर हो. विचारायचं. लगेच विचारायचं. बाकीचं सगळं मी सांगतेच पण हे आधी डोक्यात पक्कं बसव, कारण हॉलमध्ये जी गोष्ट हात वर केला की पाच मिनिटांत सुटते तीच घरी आल्यावर अर्ज, कॉलेज, युनिव्हर्सिटी असे हेलपाटे घालून महिनोन्महिने सुटत नाही.

मीही अशीच आले होते गं, भुसावळहून, काकांकडे राहायला, आणि हिंदी समजायची सगळी पण बोलायला लागलं की तोंडाला कुलूप. फर्स्ट इयरच्या दुसऱ्या पेपरला माझ्या हातात जो कागद पडला त्यातले अर्धे प्रश्न मी कधी ऐकलेलेच नव्हते. मला वाटलं आपला अभ्यासच झाला नाही, कुठलं तरी युनिट सुटलं, आणि मी खाली मान घालून येईल ते लिहीत बसले, घशाला कोरड पडलेली. पाऊण तास झाला आणि मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, सर ये तो स्वाध्यायीवाला पेपर है. म्हणजे प्रायव्हेट बसणाऱ्यांचा पेपर आमच्या ओळीत वाटला गेला होता. तिचा बदलला, मग सगळ्यांचे बदलले, पण माझा पाऊण तास गेला तो गेलाच, आणि जास्तीचा वेळ द्या असं म्हणायचंही मला सुचलं नाही. चूक वाटणाऱ्याची होती हे खरं, पण पेपरच्या डोक्यावर नियमित का स्वाध्यायी, विषय, प्रश्नपत्र पहिलं का दुसरं, सगळं छापलेलं असतं, ते मी वाचलंच नव्हतं, आणि संशय आल्यावरही गप्प बसले. नंतर शिकवायला लागले तेव्हा इतक्या वर्षांत किती ड्युट्या केल्या त्याचा हिशोब नाही, आणि दरवर्षी निदान एक तरी मुलगी अशी गप्प बसलेली दिसतेच. म्हणून तुला एवढं कळकळीने सांगतेय.

आणि रागावतात का म्हणशील तर नाही. वर्गात उभ्या असलेल्या मॅडमला उलट हेच हवं असतं की जे काय आहे ते आत्ता सांगा, कारण नंतर कागद जुळले नाहीत तर त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. हिंदी मोडकीतोडकी असली तरी चालेल. ‘मॅडम, ये पेपर मेरा नहीं है’ एवढं वाक्य पुरे. पेपर बदलण्यात वेळ गेला असेल तर तिथल्या तिथे म्हण की मॅडम, उतना टाइम एक्स्ट्रा चाहिए, आणि त्या केंद्राध्यक्षांना विचारतील.

आता तिथे काय काय होतं ते सांगते. प्रवेशपत्र कियोस्कवरून, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरतात त्या दुकानातून, काढलं असशीलच, त्याच्या दोन प्रिंट काढ, आणि त्यावर तुझ्या विषयांची नावं बरोबर आहेत का ते आजच बघ, मेजर, मायनर, इलेक्टिव्ह, आधार पाठ्यक्रम म्हणजे फाउंडेशन कोर्स, सगळं. नाव किंवा विषय चुकला असेल तर वीस दिवस हातात आहेत, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आत्ताच सांग. सेंटरचं पूर्ण नाव वाच. इंदूरमध्ये लोक नुसतं ‘जीडीसी’ म्हणून मोकळे होतात, म्हणजे गर्ल्स डिग्री कॉलेज, पण ओल्ड जीडीसी आणि न्यू जीडीसी, एक मोती तबेल्याला आणि एक किला भवनाला, अशी दोन वेगळी कॉलेजं आहेत, आणि रिक्षावाल्याने एकीच्या ऐवजी दुसरीकडे नेऊन सोडलेली रडवेली मुलगी मी डोळ्यांनी पाहिलीय. आदल्या रविवारी आत्याच्या घरून एकदा जाऊन ये, किती वेळ लागतो, मॅजिक (ती छोटी सवारी गाडी) मिळते का, शेवटी किती चालावं लागतं ते बघून ये. सातची पाळी म्हणजे सव्वासहाला तरी घर सोडायला हवं, आणि त्या वेळी सुदामा नगरातून सवारी लवकर मिळेलच असं धरून चालू नकोस, भावाला किंवा आत्याच्या यजमानांना आदल्या रात्रीच सांगून ठेव. (बरं, आत्याच्या घरात म्हातारी माणसं असतील तर ती ‘इंदूर युनिव्हर्सिटी’ म्हणतील, गोंधळू नकोस, 1964 साली त्याच नावाने सुरू झाली, देवी अहिल्या विश्वविद्यालय हे नाव 1988 मध्ये दिलं, युनिव्हर्सिटी तीच.)

सेंटरवर बाहेरच्या बोर्डवर रोल नंबरप्रमाणे खोल्या लावलेल्या असतात. त्या गर्दीत मोबाइलने फोटो काढू म्हणशील, तर मोबाइल नेऊच नकोस, आत न्यायला बंदी असते आणि बाहेर ठेवलेल्या बॅगेची जबाबदारी कोणी घेत नाही. साधं घड्याळ, ते सुद्धा काट्यांचं, स्मार्टवॉच नाही. पारदर्शक पाऊच, दोन निळी पेनं तीच ज्यांनी तू रोज लिहितेस, नवीन पेन परीक्षेच्या दिवशी उघडायचं नाही, पेन्सिल, पट्टी, पाण्याची बाटली. कॉलेजचं आयकार्ड. ओढणीच्या टोकाला, कंपासपेटीच्या झाकणात, हातावर, कुठेही एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नको, अगदी चुकून फोन नंबर लिहिलेला असला तरी धुऊन जा. फ्लाइंग स्क्वॉड येतो तेव्हा ते अक्षर त्याच विषयाचं आहे का नाही यावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नकोस. प्रश्नपत्रिकेवरही रोल नंबर सोडून काही लिहायचं नाही.

आत गेलीस की पहिला शब्द कानावर पडेल, ‘कॉपी सबको मिल गई?’ आणि तू दचकशील, कारण आपल्याकडे जळगाव-रावेरला कॉपी म्हणजे चिठ्ठ्या. इथे कॉपी म्हणजे उत्तरपत्रिका. नकल म्हणजे ती आपली कॉपी. मग एक शीट फिरेल, मॅडम म्हणतील ‘यहाँ हस्ताक्षर कीजिए’. आपलं हस्ताक्षर म्हणजे अक्षर, त्यांचं हस्ताक्षर म्हणजे सही. आणि त्यांनी ‘सही है’ म्हटलं तर ते बरोबर आहे असं म्हणतायत, सही मागत नाहीयेत. त्या शीटवर तुझ्या कॉपीचा छापील नंबर लिहायचा असतो, तो एकेक आकडा बोट ठेवून लिही. कॉपीच्या पहिल्या पानावर रोल नंबर आकड्यात, अक्षरात, आणि गोल असतील तर गोल रंगवून. इथे चुकलं तर व्हाइटनर लावू नकोस, खाडाखोड करू नकोस, हात वर कर. आणि लिहायच्या आधी कॉपीची पानं उलटून बघ, फाटलेलं, कोरं नसलेलं, शिलाई निघालेलं काही असेल तर बदलून माग. जास्तीची सप्लीमेंट्री, म्हणजे आपली पुरवणी, मिळते का तेही तेव्हाच विचारून घे, कारण काही परीक्षांना मिळतच नाही आणि मग मोठं अक्षर काढून पानं उधळलेली मुलं शेवटी समासात लिहीत बसतात.

आता हिंदी. यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण तुझी खरी तयारी इथे आहे आणि मैत्रिणींपैकी कोणी तुला हे सांगणार नाही, त्यांना हा प्रश्नच येत नाही. तुला वाटतंय की आपली हिंदी अशुद्ध आहे म्हणून मार्क जातील. इकॉनॉमिक्सच्या पेपरात काना-मात्रेला कोणी बसून मार्क कापत नाही. आपण संस्कृती, पद्धती, शक्ती दीर्घ लिहितो, हिंदीत ते ऱ्हस्व असतं, संस्कृति, पद्धति, शक्ति. हे तुझं दहा वेळा चुकलं तरी अर्थ पोचतो. (हिंदी भाषेच्या आधार पाठ्यक्रमाच्या पेपरात मात्र चुकवू नकोस, तिथे तोच विषय आहे.) खरा धोका त्या शब्दांचा आहे जे दोन्हीकडे दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे. तू बारावीला शिकलीस की किंमत आणि मागणी यांच्यात व्यस्त संबंध असतो. तेच तू हिंदीत ‘व्यस्त संबंध’ लिहिलंस तर तपासणारा वाचेल की किंमत आणि मागणी कामात बिझी आहेत. हिंदीत तिथे विपरीत संबंध. आपला खंड, जमिनीचा, त्यांचा लगान, आणि पेपरात जिथे ‘खंड अ’ छापलेलं असेल तो म्हणजे सेक्शन. आपली शिक्षा म्हणजे दंड, त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण चेष्टा करतो ती थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न.

म्हणून एक वही घे, मधोमध रेघ मार, डावीकडे तुझा बारावीचा शब्द आणि उजवीकडे इथल्या पुस्तकातला. पुरवठा, पूर्ति. मागणीची लवचिकता, मांग की लोच. मक्तेदारी, एकाधिकार. चलनवाढ, मुद्रास्फीति. भांडवल, पूंजी. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत तुला येतो ना, तोच इथे सीमांत उपयोगिता ह्रास नियम या नावाने येईल, आणि नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणून तू तो सोडून दुसराच प्रश्न घेशील, पोटात तोच गोळा, जो माझ्या पोटात आला होता. तुला विषय येतो गं. तुला त्याची इथली नावं पाठ करायचीयत, एवढंच आहे. रोज पंधरा शब्द केलेस तरी वीस दिवसांत तीनशे होतात आणि फर्स्ट इयरच्या एका विषयाला ते भरपूर झाले. पेपरात प्रश्न हिंदी आणि इंग्लिश दोन्हीत छापलेला असतो, तेव्हा हिंदी ओळ कळली नाही तर खालची इंग्लिश वाच, ‘लोच’ वर अडलीस तरी इलॅस्टिसिटी तुला कळेलच. आणि शब्द सुचलाच नाही तर इंग्लिश शब्द देवनागरीत लिहून पुढे जा, थांबू नकोस.

रोज एक उत्तर हिंदीत हाताने लिही, घड्याळ लावून. वाचून नाही, लिहून. महिनाभर नुसतं वाचलेल्या मुलांचा हात दुसऱ्या तासाला आखडतो हे मी वर्षानुवर्षं बघतेय, पेन खाली ठेवून बोटं चोळत बसतात.

वेळेचा हिशोब असा धर. 180 मिनिटं आहेत. पहिली दहा कॉपी भरण्यात आणि पेपर वाचण्यात, शेवटची पंधरा उलटून बघायला आणि प्रश्नांचे नंबर तपासायला. राहिली 155, मार्क 70, म्हणजे एका मार्काला साधारण सव्वादोन मिनिटं. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला तेहतीस-चौतीस मिनिटं झाली की वाक्य पुरं कर आणि पुढे जा, कितीही छान येत असलं तरी, कारण येणाऱ्या उत्तराला पानभर जास्त लिहून एखादा मार्क वाढेल, पण कोऱ्या राहिलेल्या प्रश्नाला शून्य. अतिलघु, लघु आणि दीर्घ असे तीन भाग असतात, सूचना वाच, ‘सभी अनिवार्य’ आहेत का ‘किन्हीं चार’, आणि दोन प्रश्नांच्या मधे ‘अथवा’ असेल तर दोन्ही लिहीत बसू नकोस. पेपरात जो नंबर छापलाय तोच समासात घाल, स्वतःचे एक-दोन-तीन नंबर लावू नकोस.

तपासणाऱ्याचंही ऐक. त्याच्यापुढे ढीग असतो, मूल्यांकन केंद्रावर पंखा गरगरत असतो, आणि त्याला तुझ्या उत्तरात व्याख्या कुठेय, आकृती कुठेय, मुद्दे कुठेत हे शोधायचं असतं. त्याला ते सापडू दे. प्रत्येक मोठं उत्तर नव्या पानावर, मुद्द्याला छोटं शीर्षक आणि खाली रेघ, आणि मागणी वक्र काढलास तर पट्टीने काढ, उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मात्रा (आपली नगसंख्या) असं लिही. किती मुलं सुंदर वक्र काढतात आणि अक्षांना नावंच देत नाहीत, मग ती नुसती तिरकी रेघ राहते. आकृतीखाली एक ओळ, ही आकृती काय सांगते.

गाईडचं विचारलंस. पास होतं का, तर होतंही कधी कधी, मी खोटं कशाला बोलू. पण गाईडवाल्याने मागच्या वर्षांचे पेपर बघूनच ते वीस प्रश्न काढलेले असतात, मग तूच का नाही बघत? कॉलेजच्या लायब्ररीत जुने पेपर मिळतात, चार-पाच वर्षांचे घे, आणि शेजारी सिलॅबसचा कागद ठेवून कुठल्या युनिटमधून काय येतं त्यावर खुणा कर. पॅटर्न बदललेला असू शकतो, मार्कांची वाटणी सिलॅबसच्या शेवटच्या पानावरची खरी धर. एक दुपार जाईल, पण नंतर गाईडमधलं कुठलं उत्तर कच्चं आहे ते तुझं तुला कळेल. त्यातली कितीतरी उत्तरं अर्धवट असतात आणि एकाच सेंटरवर तेच चुकलेलं वाक्य एकामागून एक कॉप्यांत वाचायला मिळतं.

आणि ते 30 मार्क सीसीईचे, म्हणजे इंटर्नलचे, विसरू नकोस. असाइनमेंट दिलंस का, इंटर्नल टेस्टला हजर होतीस का, सरांकडे तुझे मार्क चढले का, पेपर सुरू व्हायच्या आधी जाऊन विचार. यातही मुली लाजतात. मार्कशीटवर तिथे गैरहजर लागलं की मग धावाधाव.

आठवलंच नाही तर? आठवत नाही असं होतंच, सगळ्यांना, पेपर हातात आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सगळं पुसल्यासारखं वाटतं. त्या वेळी मोठा प्रश्न धरू नकोस. अतिलघुमधला एखादा, जो झोपेतही येईल, तो लिही. हात चालू झाला की बाकीचं मागून येतं. आलंच नाही तर पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने त्या विषयाचे जे शब्द सुचतील ते टाक, तुझ्या त्या वहीतले, मराठी का होईना, आणि त्यावरून उत्तर उभं कर, मग शब्द खोडून टाक. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मॅडमना सांग, पाणी पी, तोंड धुवून ये, पाच मिनिटं गेली तरी चालतील. मे-जूनच्या उन्हाळ्यात सातच्या पाळीला मुली रिकाम्या पोटी येतात आणि दहा वाजेपर्यंत चक्कर येते. आत्याला सांग, साडेपाचला दोन घास पोहे दे म्हणावं, घरचे, कमी तेलाचे, बाहेरचे शेव-जीरावण टाकून त्या दिवशी नकोत.

एखादा पेपर खरंच वाईट गेला तर? पुढच्याला जा. एकात राहिलीस तर वर्ष संपत नाही, सप्लीमेंट्री परीक्षा असते, एटीकेटी असते, कुठली आणि किती विषयांत ते तुझ्या कोर्सच्या नियमात लिहिलेलं आहे. पण एक पेपर खराब गेला म्हणून पुढचा न देणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि त्यांचं मात्र खरंच वर्ष गेलं, कारण न दिलेल्या पेपरला शून्यच. पेपर झाल्यावर फाटकापाशी उत्तरं जुळवत उभी राहू नकोस, घरी जा, जेव, झोप. रिझल्ट आल्यावर मार्क फारच कमी वाटले तर रिव्ह्यूचा, म्हणजे कॉपी पुन्हा तपासून घ्यायचा, अर्ज ठरलेल्या मुदतीत करता येतो, मुदत छोटी असते म्हणून रिझल्टच्या दिवशीच तारीख बघ. आणि स्वतःची तपासलेली कॉपी बघायचा हक्क तुला आहे, माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 चा, आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका त्या कायद्याखाली बघता येते. कोणी खिडकीवर ‘ऐसा नहीं होता’ म्हटलं तर गप्प परत येऊ नकोस, लेखी अर्ज दे आणि पोच घे.

आता आज संध्याकाळी एक काम कर. आत्याला मॅडम बनव, समोर उभं कर, आणि तीन वाक्यं मोठ्याने म्हण. ‘मॅडम, ये पेपर मेरा नहीं है.’ ‘मॅडम, मेरी कॉपी का पेज फटा है.’ ‘मॅडम, यहाँ गलती से दूसरा नंबर लिख दिया.’ पाच वेळा म्हण, आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा. पहिला पेपर झाला की मला दोन ओळी लिही, यातलं कुठलं वाक्य लागलं ते.

— ताई